मामांची गिटार उघडण्याआधी

एका वाचक भगिनीचं पत्र थोडं आटोपशीर करून देत आहे:

"माझे मामा गेल्या वर्षी वारले. त्यांची इलेक्ट्रिक गिटार मामींनी माझ्या हवाली केली. फेंडर स्ट्रॅटोकास्टर आहे, सनबर्स्ट रंगाची, रोझवूडच्या फ्रेटबोर्डची (बोटं दाबायच्या पट्टीची). १९६४ची आहे असं मामा सांगायचे. पाठीवरच्या पत्र्यावर 'एल' अक्षराने सुरू होणारा आकडा आहे. कोपराखालचा रंग पार लाकडापर्यंत गेलाय, पुढच्या बाजूला बारीक तडे आहेत, पाठीवर एक पट्टा मात्र जास्त चमकतो. ट्यूनर (तारा आवळायच्या खुंट्या) नंतरचे वाटतात, स्विच पाच जागी थांबतो, आवाजाची बटणं फिरवताना करकर होते. एका संग्राहकाने नुसतं पाहून सांगितलं, 'रंग नंतर मारलाय, अर्धीच किंमत येईल.' एक कारागीर म्हणतात, नवं वायरिंग, नवे फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), नवे ट्यूनर आणि रंग असं सगळं करून कारखान्यातून आल्यासारखी करून देतो. मी वाजवायला शिकतेय, त्यामुळे विकायची की ठेवायची हे ठरलेलं नाही. ही गिटार अस्सल आहे का? दुरुस्त करून घेऊ का? आणि पेटीच्या कप्प्यात एक गंजकी डबी आहे. तिच्यात स्क्रू, एक जुना स्विच आणि ट्यूनरसारखं काहीतरी आहे. ती टाकून दिली तर चालेल ना?"

डबी टाकू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. तिच्यातलं काही पुसू नका, घासू नका, गंज काढायला तेलात बुडवू नका. जशी आहे तशी पेटीत राहू द्या. तुमच्या पत्रातली सगळ्यात आनंदाची ओळ मला तीच वाटली. जुना भाग काढून नवा बसवणारे पुष्कळ असतात, पण काढलेला भाग वर्षानुवर्षं जपून ठेवणारे फार थोडे. तुमचे मामा त्या थोड्यांपैकी होते.

दुसरं म्हणजे कारागिरांना तूर्त थांबायला सांगा. त्यांचा हात वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांनी सांगितलेल्या चार कामांपैकी दोन अशी आहेत की एकदा झाली की कोणत्याही पैशाने परत फिरवता येत नाहीत. तुमच्या गिटारवर आज जे लिहिलेलं आहे ते अजून कुणी वाचलेलंच नाही. वाचायच्या आधी पुसलं जाऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, अस्सल आहे का. याला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दाचं उत्तर असतं असं समजून लोक भांडत बसतात. स्ट्रॅटोकास्टर ही स्क्रूंनी जोडलेली गिटार आहे. नेक (लांब दांडा) वेगळी, बॉडी वेगळी, त्यावर पिकगार्ड (पुढचं पातळ कवच), पिकगार्डला लटकलेले तीन पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारे), तीन पॉट (फिरवायच्या बटणांखालचे विजेचे भाग), एक स्विच, मागे स्प्रिंगा, वर ट्यूनर. लिओ फेंडर यांनी १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून ही गिटार बाजारात आणली तेव्हा सुटे भाग झटपट बदलता यावेत हा रचनेतला मोठा गुण होता. आज तोच गुण आपल्याला कोड्यात टाकतो, कारण जे सहज बदलता येतं ते बदललं जातंच. गिटार एक असली तरी तिच्या प्रत्येक भागाची कुंडली वेगळी असते, आणि प्रश्न प्रत्येक भागाला स्वतंत्र विचारावा लागतो: तू इथलाच का, आणि नसलास तर कधी आलास?

१९६४ या सालावर एवढा काथ्याकूट का होतो तेही सांगतो. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्याआधीच्या गिटारींना बाजारात 'प्री-सीबीएस' म्हणतात आणि त्यांचा भाव वेगळाच असतो. खरं तर विक्रीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात काही जादूने बदललं नाही. तेच कारागीर, तीच लाकडं, तेच उरलेले भाग पुढे कित्येक महिने वापरले गेले. मला स्वतःला ६५च्या सुरुवातीच्या गिटारी ६४च्या गिटारींपेक्षा कमी वाटलेल्या नाहीत. पण बाजार रेघ ओढून बसला आहे, आणि त्या रेघेच्या अलीकडे असल्याचा दावा करायचा तर पुरावा हवा.

तो पुरावा पाठीवरच्या पत्र्यात नाही. 'एल'चे आकडे १९६२च्या अखेरीपासून १९६५पर्यंत वापरले गेले, तेव्हा तुमचा पत्रा मामांच्या सांगण्याला धरून आहे, एवढंच. हे पत्रे कारखान्यात डब्यात भरून ठेवलेले असत आणि जोडणी करणारा हाताला येईल तो उचलत असे, त्यामुळे आकडे क्रमाने चालत नाहीत. शिवाय चार स्क्रू काढले की पत्रा निघतो. ज्याला फसवायचंय तो सगळ्यात आधी पत्राच बदलेल.

छापलेल्या आकड्यांवर आंधळा विश्वास का ठेवू नये याचं एक उदाहरण दुसऱ्या घराण्यातलं देतो. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी हमबकर, म्हणजे गुणगुण दाबणारा, पिकअप तयार केला आणि १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९५९ साली मिळालं. आधीच्या पिकअपवर 'पेटंट अप्लाइड फॉर', म्हणजे 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिकटपट्टी होती, म्हणून त्यांना आजही 'पीएएफ' म्हणतात. पुढे चिकटपट्टीवर पेटंटचा क्रमांक आला, पण जो छापला तो या पिकअपचा नव्हताच. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा होता. म्हणजे अस्सल पिकअपवर, अस्सल कारखान्याने लावलेला, चुकीचा आकडा. कागद नेहमी वस्तूशी ताडून पाहायचा, तो असा.

तुमच्या गिटारमध्ये जास्त भरवशाची तारीख नेकच्या टाचेवर असते, म्हणजे नेकचा जो भाग बॉडीच्या खाचेत बसतो तिथे. १९६२च्या वसंतापर्यंत ती पेन्सिलने लिहीत, नंतर रबरी शिक्क्याने उमटवू लागले. तिथे 'दोन, मे, ६४, बी' असं काहीसं वाचायला मिळेल. ही २ मे ही तारीख आहे असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात, पण तसं नाही. सुरुवातीचा दोन हा स्ट्रॅटोकास्टरच्या नेकचा सांकेतिक आकडा आहे. मे ६४ हा महिना आणि वर्ष. शेवटचं 'बी' म्हणजे नटापाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे) नेकची रुंदी, १ पूर्णांक ५/८ इंच. ही नेक तयार झाल्याची तारीख आहे, गिटार जोडल्याची नव्हे, आणि दोन्हींत काही महिन्यांचं अंतर सहज असू शकतं.

नेक काढायची म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा येईल. यावा, पण फार नको. या गिटारीत नेक सरळ ठेवणारा आतला दांडा, म्हणजे ट्रस रॉड, टाचेकडूनच आवळावा लागतो, तेव्हा मामांच्या हातून वा आणखी कुणाच्या हातून ती नेक पूर्वी बहुधा निघाली असणार. काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. आधी तारा पूर्ण सैल करायच्या. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरायचा. कोणता स्क्रू कोणत्या भोकातून निघाला ते लिहून ठेवायचं. नेक आणि बॉडीच्या सांध्यावर रंगाचा थर चिकटलेला असेल तर ओढाताण करायची नाही, नाहीतर त्याच ठिकाणी टवका उडतो. उघडायची ती एकदाच, आणि त्या एका वेळेत सगळी छायाचित्रं काढून घ्यायची.

त्याच बैठकीत पिकगार्ड उचला आणि पॉटच्या पाठी पाहा. त्यांवर आकडे ठोकलेले असतात. समजा ३०४६३२० असं आहे. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६३च्या विसाव्या आठवड्यातला. पॉट गिटारच्या आधी बनतो, त्यामुळे ६३चा पॉट ६४च्या गिटारीत अगदी रास्त आहे, पण ६६चा पॉट असेल तर काहीतरी बदललंय. उलट्या बाजूनेही जपावं लागतं. फेंडरने १९६६ साली पॉटचा एवढा मोठा साठा घेतला की नंतरची तीन-एक वर्षं गिटारींमध्ये ६६चेच पॉट निघत राहिले. तारीख फक्त इतकं सांगते की गिटार यापूर्वीची नाही.

आता स्विच. कारखान्याने पाच जागांचा स्विच स्ट्रॅटोकास्टरमध्ये १९७७ साली आणला, त्याआधी तीनच जागा होत्या. वादक मंडळी काडी दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवून मधला आवाज काढत. तुमच्या मामांनाही तो आवाज हवा असणार, म्हणून त्यांनी स्विच बदलून घेतला आणि जुना डबीत ठेवला. यावरून हे वायरिंग कारखान्यातून बाहेर पडल्यावर केव्हातरी उघडलं गेलं आहे हे नक्की झालं. स्विचपाशी सोल्डरचे डाग नवे दिसणारच, पण त्यावरून कुणी 'पिकअपसुद्धा बदललेत' असं म्हणाला तर मान्य करू नका. पिकअपच्या वायरी कापडी वेष्टनाच्या असाव्यात आणि पॉटच्या पाठीवरचे डाग एकदाच दिलेले, मंद पडलेले दिसावेत. १९६४ हे साल पिकअपच्या बाबतीत सांध्यावरचं आहे. त्या वर्षात बॉबिनचा (पिकअपची तार गुंडाळायच्या रिळाचा) तळ काळ्याचा करडा झाला, तेव्हा दोन्हींपैकी कोणताही दिसला तरी दचकू नका. मीटर लावला तर प्रत्येक पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवेल.

ट्यूनरचंही तसंच. मूळचे क्लूसनचे असणार, पाठीवर उभी नाममुद्रा असलेले. १९६४च्या सुमारास ही नाममुद्रा एका ओळीची दोन ओळींची झाली. जुन्या वादकांनी सूर टिकावा म्हणून जाडजूड, बंद डब्यांचे ट्यूनर बसवले, आणि त्यासाठी हेडस्टॉकची (नेकच्या वरच्या टोकाची, जिथे ट्यूनर बसतात) भोकं बहुधा मोठी करावी लागली. तुमच्या हेडस्टॉकवर हे झालंय का ते पाहा. भोकं मोठी केली नसतील आणि डबीत सहाही क्लूसन असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे. मोठी केली असतील तरी मधे घालायच्या कड्या मिळतात, त्या लाकडाला हात न लावता बसतात. मात्र मोठं केलेलं भोक लाकूड भरून, रंगवून लपवायला जाऊ नका. भोक समोर दिसतं आणि कुणालाही समजतं. लपवलेलं भोक पुढच्या माणसाला सापडलं की त्याचा बाकीच्या गिटारवरचाही विश्वास उडतो.

रंगाकडे येतो, कारण खरा वाद तिथेच आहे आणि संग्राहकाने मला पटणार नाही असं बोलून ठेवलंय. नुसतं पुढून पाहून कुणालाही हा निकाल देता येत नाही.

त्या काळचा फेंडरचा वरचा थर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. हा थर कधीच पूर्ण थांबत नाही. वर्षानुवर्षं तो वाळत, आकसत, पिवळा पडत राहतो. थंडीतून एकदम उबेत आला की लाकूड एका वेगाने फुगतं, थर दुसऱ्या, आणि बारीक तडे जातात. तेव्हा तडे असणं ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, फक्त निर्णायक नाही, कारण गोठवणारा फवारा मारून नव्या लॅकरलाही तडे पाडतात. खोटे तडे मला बहुतेक वेळा त्यांच्या एकसारखेपणामुळे ओळखू येतात. खरे तडे एखाद्या बाजूला दाट, दुसरीकडे विरळ असतात, आणि त्यांच्यात वर्षांची घाण बसलेली असते.

झिजेचंही तेच. ती वाजवणाऱ्याच्या शरीराची खूण असते. कोपर टेकतो तिथे, पाठीवर पट्ट्याच्या बक्कलपाशी, नेकच्या मागे अंगठा सरकतो तिथे, फ्रेटबोर्डवर पहिल्या तीन-चार घरांत. बॉडी लाकडापर्यंत झिजलेली आणि नेक कोरी करकरीत असेल तर त्या दोघी एकत्र वयात आलेल्या नाहीत. म्हणून कोपराखालच्या उघड्या लाकडाबरोबर पहिल्या फ्रेटांच्या मधलं रोझवूडही पाहा. बोटांनी उथळ वाट्या पडलेल्या असतील तर मामांची सगळी वर्षं तिथे आहेत. फ्रेटबोर्डवरचे ठिपकेही बघा. ६४च्या बहुतेक काळात ते मातकट, अपारदर्शक होते, वर्षअखेरीच्या आसपास चमकते शिंपल्यासारखे आले.

पण रंगाची खरी साक्ष पिकगार्डच्या खाली मिळते. फवारणी झाल्यावर बॉडी वाळवताना ती टेबलाला चिकटू नये म्हणून कारखान्यात तिच्यात आधीच बारीक खिळे ठोकलेले असत. रंग वाळला की खिळे उपटायचे. त्यामुळे १९६४च्या उत्तरार्धापर्यंतच्या मूळ रंगाच्या गिटारींमध्ये या छोट्या भोकांच्या आत कोरं लाकूड दिसतं. गिटार पुन्हा रंगवली असेल तर भोकांत रंग उतरलेला किंवा भोकं बुजलेली सापडतात. दुसरी खूण नेकच्या खाचेत. १९६३च्या आसपासपासून फवारताना बॉडी धरायला त्या खाचेत एक काठी स्क्रूने बसवत. काठीखाली फवारा पोचायचा नाही, म्हणून तिच्या आकाराची रंग नसलेली सावली तिथे उरते. सबंध खाच एकसारखी रंगवलेली दिसली तर मी सावध होतो. अतिनील दिवाही आणा. अंधाऱ्या खोलीत जुना लॅकर हिरवट-पिवळा झळकतो आणि नंतरचे फटकारे त्यावर गडद डागासारखे उठून दिसतात.

पाठीवरच्या चमकत्या पट्ट्याचं रहस्य या दिव्याने सुटेल. कुणी बक्कलचे ओरखडे झाकायला तिथे लॅकर मारलं असेल तर तो पट्टा काळवंडून दिसेल. पण वर्षानुवर्षं सुती सदरा घासूनही लॅकर आपोआप चकचकीत होतं, आणि तसं असेल तर पट्टा बाकीच्या पाठीसारखाच झळकेल. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे पुढचे तडे, कोपराखालचं लाकूड आणि फक्त पाठीला वेगळी चमक यावरून, संपूर्ण गिटार पुन्हा रंगवलेली असण्यापेक्षा पाठीवर कुणीतरी डागडुजी केली असावी किंवा तेवढंही नसावं, याकडे माझा कल आहे. खिळ्यांची भोकं पाहिल्याशिवाय मी यापुढे जाणार नाही, आणि संग्राहकांनीही जायला नको होतं.

'अर्धी किंमत' हा त्यांनी मनाने काढलेला आकडा नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. संपूर्ण रंग बदललेली गिटार मूळ रंगाच्या गिटारच्या साधारण निम्म्याला जाते, असा ठोकताळा व्यापारात धरतात. आता हाच ठोकताळा तुमच्या कारागिरांच्या प्रस्तावाला लावून पाहा. रंग मूळचा असेल तर त्यावर नवा रंग चढवण्यासाठी तुम्ही पैसे मोजाल आणि त्या पैशांनी गिटारची निम्मी किंमत घालवाल. मूळचा नसेल तरी तिसरा रंग चढवून हाती काही लागणार नाही. कोणत्याही बाजूने पाहिलं तरी रंग नको. कोपराखालचं उघडं लाकूड मामांच्या हाताने उघडं पडलंय, ते तसंच राहू द्या.

वायरिंगबद्दल बोलताना मला स्वतःची एक चूक सांगावी लागेल. दुरुस्तीची कामं नुकती सुरू केली होती तेव्हा एका साठच्या दशकातल्या गिटारचे पॉट करकरतात म्हणून माझ्याकडे आले. मी तिन्ही काढून नवे बसवले, वायरीही नव्या घातल्या, काम अतिशय नीटनेटकं केलं आणि जुने पॉट केराच्या टोपलीत टाकले. काही महिन्यांनी मालक तारखा विचारायला आले. त्यांच्याकडे गिटारच्या वयाचा दुसरा धड पुरावा नव्हता, नेकचा शिक्का पुसट झालेला होता. माझ्याकडे दाखवायला काही उरलं नव्हतं. तो माणूस मला एक शब्दही बोलला नाही, आणि ते मला आजही आठवतं. करकरणाऱ्या पॉटला बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब आणि वीस-पंचवीस वेळा फिरवणं पुरतं. क्लीनर रंगावर आणि पिकगार्डवर उडू देऊ नका. तेवढ्याने भागलं नाही तर पॉट उघडून साफ करणारे लोक आहेत. नवा पॉट ही शेवटची पायरी, आणि तेव्हाही जुना पॉट डबीत जाईल.

फ्रेटच्या बाबतीत मात्र मी संग्राहकांपेक्षा वादकांच्या बाजूने आहे. फ्रेट झिजण्यासाठीच असतात. खाचा पडून सूर हलायला लागला असेल तर आधी समपातळीत घासून घ्या, तेवढी उंची उरली नसेल तर बदलून घ्या. चांगल्या हाताने, फ्रेटबोर्ड न तासता, मूळच्या सव्वासात इंची गोलाईला धक्का न लावता बदललेले फ्रेट हा दोष मानू नये. काही विकत घेणारे भाव कमी करतील, करू द्यात. न वाजणारी गिटार कपाटात जपून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. तुम्ही शिकताय म्हणता, तर याच गिटारवर शिका.

रोजच्या हाताळणीत दोन गोष्टी सांभाळा. स्वस्त स्टँडचं रबर नायट्रोच्या लॅकरला चिकटतं आणि थर विरघळवतं, म्हणून स्टँडला सुती कापड गुंडाळा. थंडीतून आणलेली पेटी लगेच उघडू नका. पिकगार्ड हिरवट पडलेलं असेल तर ते डाग नाहीत. १९५९च्या मध्यापासून १९६५पर्यंत ते सेल्युलॉइडचं असे, मुळात पांढरं, वयाने हिरवं. ते आकसतं आणि स्क्रूपाशी तडकतं. तडकलं तरी बदलून फेकू नका, स्क्रू जास्त आवळू नका, आणि पेटत्या वस्तूपासून दूर ठेवा, कारण सेल्युलॉइड झपाट्याने पेट घेतं.

विकायचं ठरलंच तर यादी तुम्हीच करा आणि काहीही झाकू नका: नेक कोणत्या तारखेची, पॉट कोणत्या आठवड्यांचे, स्विच बदललेला पण जुना सोबत, ट्यूनर बदललेले, भोकं मोठी केलेली किंवा न केलेली, पाठीवर डागडुजी असल्यास कुठून कुठपर्यंत, फ्रेट मूळचे की नवे. प्रत्येक ओळीला छायाचित्र जोडा. 'शंभर टक्के अस्सल' असे शब्द लिहू नका, ते खरे नाहीत आणि त्यांची गरजही नाही. दोन भाग बदललेली आणि त्याचा हिशेब नीट देणारी गिटार मी डोळे मिटून घेईन, पण काहीच बदललं नाही म्हणून मिरवणारी आणि आत पाहू न देणारी गिटार घेणार नाही. गिटार देशाबाहेर जाणार असेल तर आणखी एक काळजी. त्या काळातले बरेच फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचे आहेत, आणि १९९२पासून ते लाकूड साइट्स कराराच्या (दुर्मिळ जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) पहिल्या परिशिष्टात आहे. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडली तर वाद्य जप्त होऊ शकतं.

आता करायचं काय. जो कारागीर गिटारला हात लावण्याआधी 'छायाचित्रं काढली का' असं विचारेल त्याच्याकडे जा, आणि पहिल्या भेटीत फक्त पाहायचं, दुरुस्ती नाही, असं आधीच ठरवून घ्या. नेकची टाच, बॉडीची खाच, पिकगार्डखालची खिळ्यांची भोकं, तिन्ही पॉटच्या पाठी, पिकअपचे तळ, हेडस्टॉकची मागची बाजू आणि अतिनील दिव्याखालची पाठ, एवढी छायाचित्रं मला पाठवा. डबीतल्या वस्तू एका पांढऱ्या कागदावर मांडून त्यांचंही एक काढा. क्लूसन सहा आहेत की पाच, तेही मोजून कळवा.